रुग्णवाहिकेतली पहिली दहा मिनिटं: सोलापूर जिल्ह्यात काम करणाऱ्यांसाठी

गाडीवर नव्याने रुजू झालेल्याला निदानाची फार घाई असते. अटॅक आहे की गॅस, घोणस चावली की धामण, डोक्याला मार आहे की नुसताच दारूत पडलाय. घाई समजण्यासारखी आहे, पण रस्त्यावर ती कामाची नाही. तिथे एकच गोष्ट बघायची: पुढच्या पाच-दहा मिनिटांत हा पेशंट कशाने दगावू शकतो, आणि ते मला आत्ता थांबवता येईल का? निदान सिव्हिलमध्ये तपासण्या झाल्या की होईलच. ज्याची श्वासाची वाट बंद आहे तो मात्र तिथवर पोहोचत नाही.

हा लेख १०८ वर किंवा खासगी रुग्णवाहिकेवर काम करणारे डॉक्टर, ईएमटी (तातडीच्या उपचारांचे तंत्रज्ञ) आणि पायलट (गाडीचे चालक) यांच्यासाठी आहे. डोस दिले आहेत ते प्रौढांचे आणि प्रचलित आहेत. गाडीत डॉक्टर नसेल तर कॉल सेंटरच्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय औषध द्यायचं नाही.

पोहोचण्याआधी

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, ही आपली जमेची बाजू. पण कॉल सेंटरकडून पत्ता मिळाला म्हणजे जागा कळली असं नाही. फोन करणाऱ्याला वाटेतूनच परत फोन लावा. महामार्गावर पहिला प्रश्न: "पुण्याकडे जाणारी बाजू की हैदराबादकडे?" दुभाजकाच्या चुकीच्या बाजूला पोहोचलात तर वळसा घालण्यात हातातली मिनिटं जातात. वस्तीवरचा कॉल असेल तर कॅनॉलच्या अलीकडे की पलीकडे, डीपी कुठे आहे, फाट्यावर कोणी बॅटरी घेऊन उभं राहील का, हे विचारा. उसाच्या रानात रात्री सगळे रस्ते सारखेच दिसतात.

दुसरा प्रश्न: "हलवल्यावर उठतोय का? छाती वरखाली होतेय का?" दोन्हीला "नाही" असं उत्तर आलं तर फोनवरच छाती दाबायला लावा. तळहात छातीच्या मधोमध, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तोंडाने श्वास द्यायचा आग्रह धरू नका. त्या भानगडीत लोक काहीच करत नाहीत.

बोलता बोलता पायलटशी कामं वाटून घ्या. सक्शन (तोंडातलं रक्त-उलटी ओढून घेणारं यंत्र) कोण उचलणार, ऑक्सिजन कोण, स्ट्रेचर कोण. आपल्याकडे पायलटला नुसता ड्रायव्हर समजणारे डॉक्टर आहेत. छाती दाबायची वेळ आली की त्याच्या दोन हातांची किंमत कळते.

उतरण्याआधी जागा बघा

गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो, आणि मागून दुचाकी किंवा कार थेट खाली घुसते. अशा ठिकाणी दुसरा अपघात पहिल्याच जागी होतो आणि त्यात आपण सापडतो. गाडी अपघाताच्या पन्नासेक पावलं अलीकडे, येणाऱ्या वाहनांच्या बाजूने आडवी-तिरपी लावा, सगळे दिवे चालू ठेवा, रिफ्लेक्टरचं जॅकेट घालूनच उतरा. महामार्गाच्या गस्ती पथकासाठी १०३३, पोलिसांसाठी ११२.

विजेची तार पडली असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. महावितरणचा क्रमांक १९१२. शौचालयाची टाकी, ड्रेनेज, जुनी विहीर यात कोणी बेशुद्ध पडला असेल तर अग्निशमन दलाच्या साधनांशिवाय आत उतरायचं नाही. एकामागोमाग एक उतरलेले सख्खे भाऊ अशाच टाक्यांत गेले आहेत. टँकर उलटला असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा.

मग डोकी मोजा. जखमी किती? तीनपेक्षा जास्त असतील तर तपासायला बसण्याआधी जादा गाड्या मागवा. पंढरपूरच्या वारीत किंवा सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली तर हाच नियम. "ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली या," असं मोठ्याने म्हणा. आले ते हिरवे, म्हणजे थोडं थांबू शकणारे. राहिलेल्यांकडे एकेक अर्धा मिनिट. श्वास नाही, तर वाट मोकळी करून बघा. श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाची नाडी नाही, किंवा सांगितलेलं करत नाही, यातलं एकही असेल तर लाल, म्हणजे सर्वांत आधी न्यायचा. जो जोरजोरात ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जा.

गर्दीला हाकलत बसू नका, कामं द्या. सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या माणसाच्या हातात सलाईनची बाटली द्या. तो लगेच आपल्या बाजूचा होतो.

पहिलं दीड मिनिट: हात कुठे ठेवायचे

समजा, टेंभुर्णीच्या अलीकडे पहाटे दुचाकीवाला ट्रॉलीवर आदळलाय. तो पाठीवर पडलाय, हेल्मेट नाही, शर्ट मातीने आणि रक्ताने भरलाय.

रक्त उडत किंवा वाहत असेल तर आधी ते. पूर्वी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण असा क्रम घोकला जायचा. आता भळाभळा वाहणारं रक्त त्याच्याही आधी थांबवतात, कारण मांडीची रोहिणी फाटलेला माणूस काही मिनिटांत संपतो.

मग डोक्याशी गुडघे टेकून बसा आणि दोन्ही हातांनी डोकं सरळ धरा. "दादा, मान हलवू नका. नाव काय तुमचं? काय झालं?" त्याने अडखळत का होईना नाव सांगितलं, तर तीन गोष्टी एकदम कळल्या: वाट मोकळी आहे, बोलण्याइतका श्वास आहे, मेंदूला रक्त पोहोचतंय. नाही बोलला तर कान तोंडाजवळ न्या. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडली आहे. मान न वाकवता जबड्याचे कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी पुढे उचला. गुळगुळ आवाज म्हणजे रक्त किंवा उलटी. सक्शन लावा, दिसतंय तिथपर्यंतच नळी घाला, एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको. उलटी जास्त असेल तर डोकं-मान-धड एका रेषेत धरून अख्खा माणूस कुशीवर वळवा. मानेची काळजी घ्यायचीच, पण मानेच्या काळजीत माणूस उलटीत गुदमरू द्यायचा नाही. या दोघांत श्वासमार्ग वरचढ आहे.

तोंडातला एअरवे (जीभ मागे पडू न देणारी नळी) ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत मोजून निवडा. उबळ आली तर लगेच काढा. नाकातला एअरवे चेहरा चेंदलेल्या पेशंटला नको.

आता शर्ट कात्रीने उभा फाडा. शर्टावरून छाती तपासणं हा प्रकार मी रोज बघतो, आणि त्याला काही अर्थ नाही. दोन्ही बाजू सारख्या फुगतात का? जखमेतून हवा शिरतेय का? श्वास मोजा, अंदाजाने लिहू नका. "श्वास १८" हा आकडा कागदावर इतका दिसतो की सोलापूर जिल्ह्यातली सगळी माणसं एकाच तालावर श्वास घेतात असं वाटावं. प्रौढाचा १२ ते २० ठीक. १० च्या खाली किंवा ३० च्या वर धोका. श्वास अपुरा असेल तर अ‍ॅम्ब्यू बॅगने, म्हणजे हाताने पिळायच्या पिशवीने, दर सहा सेकंदांना एक श्वास, छाती जेमतेम उचलेल इतकाच. जोरात पिळली तर हवा पोटात जाते, उलटी होते, आणि डोक्याला मार असेल तर जलद श्वास देण्याने मेंदूचा रक्तपुरवठा घटतो.

ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली असेल तर द्या. जुनाट आजारी फुप्फुसवाल्याला, म्हणजे वर्षानुवर्षं बिडी ओढून सीओपीडी झालेल्याला, ८८ ते ९२ पुरेत. गार पडलेल्या बोटावरचा ऑक्सिमीटर खोटं बोलतो हे ध्यानात असू द्या.

एका बाजूला हवेचा आवाज नाही, गळ्याच्या शिरा टरारल्यात, बीपी कोसळतंय आणि दम वाढत चाललाय, असं एकत्र दिसलं तर छातीत दाबाखाली हवा साठतेय. एक्स-रेची वाट बघायची नसते. सुई घालायचं काम डॉक्टरने तिथेच करायचं.

रक्त: जिथे माणसं सर्वांत जास्त वाचवता येतात

मनगटाची नाडी आणि त्वचा एकाच वेळी बघा. हात गार, ओलसर, फिकट आणि नाडी वेगात असेल तर बीपीचं यंत्र काहीही सांगो, पेशंट शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्त अपुरं पडण्याच्या अवस्थेत, चाललाय. तरुण माणसाचं बीपी साधारण तीस टक्के रक्त गेल्यावर पडायला लागतं. तोवर तो ११०-७० दाखवत राहतो, पाणी मागतो, उगाच चिडतो, उठून बसायला बघतो. ही बेचैनी दारूमुळे आहे असं ठरवून टाकायचा मोह होतो, तो टाळा. बीपीची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची नाडी काही वेळा वाढतच नाही, हेही लक्षात ठेवा.

रक्त जमिनीवर शोधा आणि चार ठिकाणी आत शोधा: छाती, पोट, कंबरेचं हाड, मांडी. मांडीचं हाड मोडलं तर एका बाजूला लिटर-दीड लिटर रक्त बाहेर न दिसता जिरतं. कंबरेचं हाड दाबून-हलवून बघू नका. संशय आला की चादर घडी करून दोन्ही मांड्यांच्या वरच्या उंचवट्यांवर घट्ट बांधा. ती पोटावर नव्हे, त्याच्या खाली बांधायची. आपल्याकडे सोलापुरी चादर प्रत्येक घरात आहे, आणि या कामाला तिच्यासारखं मजबूत कापड नाही.

टॉवेलचं मात्र उलट. जखमेवर एकावर एक जाड टॉवेल टाकलेले पेशंट नेहमी येतात. टॉवेल रक्त शोषतो, थांबवत नाही, वरून कोरडा दिसतो आणि खाली रक्त चालूच असतं. सगळे काढा, रक्त नेमकं कुठून येतंय ते बघा, गॉज त्या जागेवर दाबा. खोल जखम असेल तर आतपर्यंत ठासून भरा आणि दोन्ही हातांनी वजन टाकून सलग दाब द्या. दर मिनिटाला उचलून "थांबलं का" बघायचं नाही.

हातापायाचं रक्त दाबाने थांबत नसेल तर टूर्निके, म्हणजे रक्त अडवायचा आवळपट्टा. जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा. दुखणारच. वेळ मार्करने पेशंटच्या कपाळावर किंवा टूर्निकेवर लिहा. मधे सैल करू नका. साधन नसेल तर तीन-चार बोटं रुंद कापड आणि पिळायला काठी. सुतळी किंवा वायर नको.

रक्तस्राव कमी करायला शिरेत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम, दहा मिनिटांत, इजा होऊन तीन तास व्हायच्या आत. सलाईन धो धो सोडू नका. २५० मिलीच्या टप्प्याने, मनगटाची नाडी लागेपर्यंत. डोक्याला मार असेल तर मात्र बीपी ११० च्या वर राखायचा प्रयत्न करा. मेंदूला कमी बीपी सोसत नाही.

यानंतर शुद्ध बघा: जागा आहे, हाकेला ओ देतो, दुखवल्यावर हलतो, की काहीच नाही. दोन्ही बाहुल्या बघा. आणि साखर. शुद्धीत गडबड असलेला प्रत्येक पेशंट, अपघाताचा असला तरी, ग्लुकोमीटर लावल्याशिवाय गाडीत चढवू नका. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून. येत नसेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून. पाच मिनिटांत टक्क जागा झालेला पेशंट "मी बरा आहे, जातो घरी" म्हणतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर असेल तर सोडू नका. काही तासांनी साखर पुन्हा पडते.

शेवटी कपडे काढून पाठ, काखा, जांघा बघा आणि लगेच झाका. सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा रक्त गेलेला माणूस थंड पडतो, आणि थंड शरीरात रक्त गोठत नाही. ब्लँकेट काढायला लाजू नका.

गंभीर अपघातात जागेवर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. सलाईन, दुसरी सुई, स्प्लिंट हे चालत्या गाडीत होतं.

विचारपूस, आणि "गॅस झालाय"

आजाराच्या कॉलमध्ये घाईचा हिशोब वेगळा. इथे पाच मिनिटं बसून नीट विचारलं तर निम्मं काम होतं.

"मामा, काय होतंय?"
"काय नाही ओ सायेब, गॅस झालाय. सोडा पिलो, आता जातंय."
"कुठं होतंय, हात ठेवून दाखवा बरं."

मामा मूठ छातीच्या मधोमध ठेवतात. ही मूठ ईसीजीच्या आधीची खूण आहे. आता घाम आला का, डावा हात किंवा जबडा दुखतोय का, जिना चढताना वाढतं का, किती वाजता सुरू झालं, हे विचारत विचारतच छातीला लीड लावा. बारा लीडचा ईसीजी पेशंटपाशी पोहोचल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. अ‍ॅस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला द्या. अ‍ॅलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल तर. जिभेखालच्या सॉर्बिट्रेटबद्दल जरा थांबा. बीपी १०० च्या खाली असेल, ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक दिसत असेल, किंवा गेल्या दोन दिवसांत लैंगिक क्षमतेची गोळी घेतली असेल तर ती देऊ नका. शेवटचा प्रश्न बायकोसमोर विचारलात तर खरं उत्तर येणार नाही. मधुमेही आणि बायकांमध्ये छातीत न दुखताही अटॅक येतो. नुसता दम, नुसती मळमळ, नुसता थकवा. पेशंटला गाडीपर्यंत चालवत नेऊ नका, "मी चालतो की" म्हणाला तरी.

विचारण्याचा क्रम असा ठेवा: त्रास काय, कशाची अ‍ॅलर्जी, कोणत्या गोळ्या, जुने आजार, शेवटचं खाणं कधी, आणि हे सुरू व्हायच्या आधी काय करत होता. गोळ्यांची नावं घरच्यांना आठवत नाहीत. पिशवीच उचलून गाडीत टाका. शहराच्या पूर्व भागात आजीबाई तेलुगूच बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कानडी. "एक्कड नोप्पी?" आणि "एल्ली नोवु?", कुठे दुखतंय, एवढं तरी तोंडपाठ असावं. बाकीचं हातवाऱ्यांनी होतं.

लकव्याचा संशय असेल तर हसायला सांगा, दोन्ही हात पुढे धरायला सांगा, एक वाक्य म्हणायला लावा. एकही बिघडलं तर गाडी हलवा. घरच्यांना "कधी झालं?" विचारू नका, "शेवटचं ठीक कधी बघितलं होतं?" विचारा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर घड्याळ झोपायच्या वेळेपासून धरतात. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन. म्हणून सीटी स्कॅन नसलेल्या दवाखान्यात नेणं म्हणजे वेळ वाया. तोंडाने पाणीसुद्धा नको.

फिट आलेल्याला लोक चप्पल हुंगवतात, कांदा फोडतात, दातांत चमचा घालतात. भांडू नका, चमचा काढा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर मिडाझोलम. शीर मिळत नसेल तर नाकातून, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. गर्भवतीला पाचव्या महिन्यानंतर फिट आली तर ती एक्लॅम्पसियाच, म्हणजे गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीची फिट, समजा. तिथे मॅग्नेशियम सल्फेट लागतं. आणि पाचव्या महिन्यापुढच्या कुठल्याही गर्भवतीला सपाट पाठीवर झोपवू नका, डाव्या कुशीला कलवा.

नाडीच नसेल तर

श्वास नाही किंवा नुसती उचकीसारखी आचकी आहे, आणि दहा सेकंदांत मानेची नाडी सापडत नाही: कॉम्प्रेशन सुरू करा. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या, ३० दाबांमागे २ श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं स्वयंचलित यंत्र, आल्याक्षणी लावा. लहान मुलात दोघे असाल तर १५ ला २, आणि श्वास महत्त्वाचा, कारण मुलांचं हृदय बहुधा श्वास थांबल्यामुळे थांबतं. पलंगावर किंवा गादीवर कॉम्प्रेशन देऊ नका, खाली ओढा. धावत्या गाडीत कॉम्प्रेशन नीट होत नाही. शक्यतो जागेवरच दर्जेदार सीपीआर द्या आणि नाडी आली की निघा. नातेवाईक "आधी गाडीत टाका" म्हणून ओरडतील. हे ओरडणं सोसावं लागतं.

आपल्या भागातले चार कॉल

उष्माघात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि ऊसतोड, बांधकाम, यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमधले कामगार कोसळतात. अंग तापलेलं आणि बडबड, झटके किंवा बेशुद्धी असेल तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर. घाम आहे म्हणून उष्माघात नाही, हे खरं नाही. इथे नियम उलटा: आधी थंड करा, मग न्या. कपडे काढा, टाकीचं पाणी अंगावर ओता, पंखा मारा, मान-काख-जांघेत बर्फ. गाडीतही पाणी आणि हवा चालू ठेवा. ३९ च्या खाली आल्यावर थांबा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, या चारही जातींवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून आणायची गरज नाही. मारायला गेलेला दुसरा पेशंट मात्र होतो. पट्टी करकचून बांधलेली असेल तर एकदम सोडू नका. सलाईन आणि श्वासाची तयारी ठेवून हळूहळू सोडा. चिरा नको, चोखणं नको, बर्फ नको. अंगठ्या, जोडवी, कडं काढा, हातपाय फळीला बांधून स्थिर करा, सुजेची कड पेनने आखून वेळ लिहा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या मिटायला लागतात. "पोट दुखतंय" म्हणून आलेल्या अशा पेशंटला वर बघायला सांगा. पापण्या उचलत नसतील तर अ‍ॅम्ब्यू बॅग हाताशी घ्या, श्वास कधीही थांबू शकतो. मांत्रिकाकडे गेलेला तास प्रतिविषाने भरून निघत नाही.

लाल विंचू. नुसतं दुखत असेल तर ठीक. पण घाम, उलट्या, हातपाय गार, मुलगा असेल तर लिंग ताठ, असं काही दिसलं की विष अंगात भिनलंय आणि पुढे फुप्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिनचा वापर रुजवला आणि मृत्यू झपाट्याने घटले. गोळी डॉक्टरने द्यायची. दिल्यावर पेशंटला आडवंच ठेवा, बसवलं तर बीपी पडतं. अशा पेशंटला भरमसाट सलाईन दिलं तर फुप्फुसं आपणच भरतो.

कीटकनाशक. वास, तोंडाला फेस, टाचणीएवढ्या बाहुल्या, घाम, जुलाब. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. हातमोजे घाला, कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, सक्शन चालू ठेवा. अ‍ॅट्रोपिन छाती कोरडी होईपर्यंत, दर पाच मिनिटांनी दुप्पट करत. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबू नका, छाती ऐका. बाटली बरोबर घ्या. आणि गाडीतल्या खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर आपलंच डोकं गरगरतं.

टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतल्या आगीबद्दल एवढंच सांगतो: धुरातून काढलेल्या माणसाचा ऑक्सिमीटर ९९ दाखवत असला तरी विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांत त्या यंत्राला फरक कळत नाही. सगळ्यांना मास्कने मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन. नाकपुड्यांत काजळी आणि आवाज घोगरा असेल तर घसा सुजून बंद होणार, घाई करा.

कुठे न्यायचं, आणि सिलिंडर पुरेल का

जवळचं हॉस्पिटल हे नेहमीच योग्य हॉस्पिटल नसतं. डोक्याला मार, लकवा, मोठा अपघात यांना सीटी, ऑपरेशन थिएटर आणि रक्त लागतं, म्हणजे बहुधा सोलापूर. पण श्वासमार्ग सांभाळता येत नसेल किंवा रक्त थांबत नसेल तर वाटेतलं ग्रामीण रुग्णालय गाठा, तिथे स्थिर करा, मग पुढे. निघतानाच फोन करा, "इतक्या मिनिटांत हा पेशंट येतोय."

ऑक्सिजनचा हिशोब तोंडी करता आला पाहिजे. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला १५ लिटरने १०० मिनिटं. करमाळ्याहून सोलापूर शंभराहून जास्त किलोमीटर. काटा अर्ध्यावर असताना तिथून अशा पेशंटला घेऊन निघालात तर वाटेतच ऑक्सिजन संपेल. मोठ्या डी टाइपमध्ये ७००० लिटर असतो, पण तो गाडीत बसवलेला, जिन्यावरून खाली येताना कामाचा नाही.

मदतीला धावलेल्या माणसाला पोलिसांची भीती असते. त्याला सांगा: मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार त्याच्यावर कारवाई होत नाही आणि नाव सांगायची सक्तीही नाही. रस्ते अपघातातल्या जखमीला २०२५ पासून नोंदणीकृत रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोकडविरहित उपचारांची योजना आहे. "पैसे कोण भरणार" या चर्चेत गाडी अडकते तेव्हा हे वाक्य उपयोगी पडतं.

वाटेत आणि दारात

गंभीर पेशंट दर पाच मिनिटांनी, बाकीचे दर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, तेही सुरुवातीपासून: श्वासमार्ग, श्वास, नाडी, शुद्ध. आपल्याकडे सर्वांत जास्त वगळलं जाणारं काम हेच आहे. एकदा बीपी लिहिलं की सगळे पुढच्या काचेकडे बघत बसतात. पेशंट बिघडला की आधी साधं बघा: नळी निसटली का, सिलिंडर संपला का, टूर्निके ढिला झाला का.

अपघात विभागात पेशंट सोपवताना एका दमात, अर्ध्या मिनिटात सांगा. उदाहरणार्थ: "पुरुष, अंदाजे तीस. पहाटे साडेपाचला दुचाकी ट्रॉलीवर. डावी मांडी मोडली, जांघेखाली जखम. सापडला तेव्हा हाकेला ओ देत होता, नाडी १३०, मनगटाला बारीक, श्वास २८. पाच चाळीसला टूर्निके, ट्रॅनेक्झॅमिक १ ग्रॅम, सलाईन ५००. आता नाडी ११२, नाव सांगतोय. अ‍ॅलर्जी माहीत नाही." आपल्या स्ट्रेचरवरून हॉस्पिटलच्या स्ट्रेचरवर हलवायच्या आधी हे बोला, हलवताना कोणी ऐकत नाही. टूर्निकेची वेळ घेणाऱ्या डॉक्टरकडून परत म्हणवून घ्या. कागदाची प्रत तिथे ठेवा, कापलेले कपडे पोलिसांसाठी वेगळ्या कागदी पिशवीत द्या.

परतीला निघण्याआधी सक्शनची बाटली धुवा, स्ट्रेचर सोडियम हायपोक्लोराइटने पुसा, वापरलेला टूर्निके आणि गॉज भरून घ्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख बघा, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून पाहा, सिलिंडरचा काटा लिहून ठेवा. मगच कॉल सेंटरला गाडी मोकळी झाल्याचं कळवा.